ऑटोमॅटिक उतरवली, हातगिअर चढवला

हल्ली नवी गाडी घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, "ऑटोमॅटिक की मॅन्युअल?" दादरच्या टिळक पुलावर किंवा लालबागच्या सिग्नलला अर्धा तास क्लच दाबून बसलेला माणूस याचे उत्तर काय देईल हे सांगायला नको. क्लचचे पेडल नसणे ही आता चैन राहिलेली नाही, गुडघ्याची सोय झाली आहे. पण याच मुंबईत साठ-सत्तरच्या दशकांत नेमका उलटा व्यवहार चालू होता. अमेरिकेहून आलेली, क्लच नसलेली, लांबलचक ऑटोमॅटिक गाडी ज्याच्या हाती यायची तो आज ना उद्या ती उस्तादाकडे घेऊन जायचा आणि म्हणायचा, "हे काढा आणि हाताचा गिअर बसवा." पैसे मोजून गाडी एक पिढी मागे नेणारे ते लोक वेडे नव्हते. त्यांनी असे का केले आणि ते करून देणारे हात कोणाचे होते, हा या शहराच्या इतिहासाचा एक भाग आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही.

मुळात या गाड्या इथे आल्या कशा? शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. सुटे भाग खोक्यांतून बंदरात उतरायचे आणि परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे ऐकू येतील इतक्या अंतरावर शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक उभे राहायचे. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या वर्षापासून क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जुळू लागल्या. या इथे जुळलेल्या गाड्या बहुतेक हातगिअरच्याच: पुढचे तीन गिअर, आणि लिव्हर स्टिअरिंगच्या दांडीवर. ऑटोमॅटिक आल्या त्या तयार गाड्यांच्या रूपात. संस्थानिकांनी मागवलेल्या, गिरणीमालकांच्या, सिनेमावाल्यांच्या आणि परदेशी वकिलातींच्या.

मग दार बंद झाले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले की ज्यांच्याकडे इथे गाडी बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जुळणी थांबवावी. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम गुंडाळले. परदेशी गाडी आयात करणे सामान्य श्रीमंतालाही जवळपास अशक्य झाले. उरली एक खिडकी. बदली होऊन निघालेले परदेशी अधिकारी आपल्या गाड्या इथेच सोडून जायचे, आणि त्यांची विक्री १९५६ साली स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत व्हायची. इम्पालासारखी गाडी अशा वाटेने पहिल्या मालकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, मग लग्नाच्या वरातीला गाडी भाड्याने देणाऱ्याकडे, अशी उतरत उतरत आली. प्रत्येक पायरीला गाडीची किंमत घटत गेली. पेट्रोलचा खर्च मात्र तेवढाच राहिला.

या गाड्यांच्या पोटात काय होते ते थोडे समजून घेऊ. जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' नावाची पेटी १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी आणली. क्लच नाही, चार गिअर, आणि ते आपले आपण बदलणार. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकेच्या स्टुअर्ट एम-५ जातीच्या रणगाड्यात बसली आणि युद्धानंतर "रणगाड्यात टिकलेली" म्हणून तिची जाहिरात झाली. १९५० मध्ये शेवरोलेने 'पॉवरग्लाइड' आणली. तिला दोनच गिअर, पण स्वस्त आणि मजबूत. इंजिनाची ताकद चाकाकडे न्यायला तिथे क्लच प्लेटऐवजी तेल असते. एका पंख्याने तेल फेकायचे, समोरच्या पंख्याने ते अंगावर घेऊन फिरायचे. आत गिअरचे दाते सूर्यमालेसारखे रचलेले असतात: मधोमध एक चक्र, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चक्रे, आणि सगळ्यांना कवेत घेणारे बाहेरचे कडे. यातले एक चक्र पट्टा आवळून थांबवले की वेग बदलतो. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही हीच रचना होती, फक्त पट्टा पायाने आवळावा लागे.

दातेरी चक्रांनी सूर्य-चंद्राची गती दाखवणारे यंत्र अल-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी वर्णन करून ठेवले आहे, आणि १२०६ मध्ये अल-जझारीने गिअरवर चालणाऱ्या यंत्रांचे मोठे पुस्तक लिहिले. हे सांगितले की आमच्यातले काही जण लगेच छाती फुगवून "म्हणजे ऑटोमॅटिक गिअर आपलाच!" म्हणतात. तसे काही नाही. बिरूनीच्या यंत्राने पंचांग दाखवले, त्याने दीड टनाची शेवरोले ओढली नाही. ज्यांचा अभिमान बाळगावा असे लोक हजार वर्षे मागे न जाताही सापडतात. ते ग्रँट रोडच्या आसपास गाडीखाली आडवे झालेले होते.

तर ही पेटी इथे बिघडायची का? मुख्य कारण तेल. ऑटोमॅटिक पेटीचे तेल हे इंजिनाच्या तेलापेक्षा वेगळे असते. त्याला पट्टे घसरू न देण्याचे आणि तरीही अलगद आवळू देण्याचे, असे परस्परविरोधी काम करावे लागते. त्या काळी यासाठी त्यात चक्क देवमाशाची चरबी मिसळत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने देवमाशाच्या शिकारीच्या मालावर बंदी घातल्यावर तिथल्या कंपन्यांनाही पर्याय शोधताना घाम फुटला होता. हे तेल मुंबईत पंपावर मिळत नव्हते. पेटीतले तेल कमी झाले की कोणीतरी त्यात जे हाताशी असेल ते ओतायचे. रबराचे सील फुगायचे किंवा कडक व्हायचे, पट्ट्यांवरचे अस्तर जळायचे. त्यात मे महिन्याची उकाड्याची दुपार आणि भायखळ्यापासून परळपर्यंत रांगणारी रहदारी. पेटीतले तेल वेगाने गाडी चालली तरच नीट थंड होते. रांगणाऱ्या गाडीत ते करपते, त्याचा लाल रंग तपकिरी होतो आणि करपलेल्या फोडणीसारखा वास येतो. सुटा भाग मागवायचा तर आयात परवाना हवा, आणि एका पंचवीस रुपयांच्या रबरी कड्यासाठी आयात परवाना मागायला कोण जाणार?

दुसरे कारण सांगितले की लोक हसतात, पण ते खरे आहे. ही गाडी धक्का मारून चालू होत नाही. मुंबईत गाडी बंद पडली की धक्का मारायला चार माणसे न बोलावता येतात, हे आपल्या शहराचे जुने वैभव आहे. हातगिअरच्या गाडीला दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, थोडी पळवून क्लच सोडला की इंजिन जागे होते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेल असते, आणि तेलाचा पंप फिरल्याशिवाय त्याला दाब येत नाही. जुन्या पॉवरग्लाइडमध्ये मागच्या बाजूला एक जादा पंप असे, त्यामुळे तिला धक्का मारून चालू करण्याची सोय कागदावर होती. अट एवढीच की गाडी ताशी पंचवीस-तीस मैलांनी पळाली पाहिजे. दीड टनाची गाडी त्या वेगाने ढकलणारे चार जण करी रोडला काय, तालमीतही मिळणार नाहीत. बॅटरी आणि डायनामो यांचा भरवसा नसलेल्या काळात ही किरकोळ अडचण नव्हती.

तिसरे कारण बोरघाट. पुण्याहून उतरताना हातगिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवते. दोन गिअरच्या पॉवरग्लाइडमध्ये खालचा गिअर टाकला तर इंजिन किंचाळायचे, वरचा ठेवला तर सगळा भार ब्रेकवर. त्या गाड्यांचे ड्रम ब्रेक तापले की पेडल दाबूनही पकड येत नसे.

आणि चौथे, सगळ्यात मोठे कारण पेट्रोल. व्ही-एट इंजिनाची गाडी शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर द्यायची. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा जागतिक भाव सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. या धक्क्याने गाड्यांचे पोट बदलायची लाट आली. मूळ इंजिन उतरवायचे आणि परकिन्सचे किंवा पुढे मॅटॅडोरचे डिझेल इंजिन चढवायचे. डिझेल इंजिन आले की त्याच्या शेपटाला त्याची स्वतःची हातगिअरची पेटी आपोआप आली. म्हणजे पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत ऑटोमॅटिक जाणे हा हेतू नव्हताच, तो डिझेल येण्याचा परिणाम होता. व्हिंटेज गाड्यांचे शौकीन ही गोष्ट विसरतात आणि मेकॅनिकला अडाणी ठरवतात. गाडी डिझेलवर आली नसती तर ती भंगारात गेली असती, एवढे सरळ गणित होते.

ज्यांनी इंजिन मूळचेच ठेवले त्यांचे काम मात्र जास्त अवघड होते. ते नीट सांगितले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एक पेटी काढली, दुसरी लावली, झाले.

पहिली गोष्ट फ्लायव्हील. ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनामागे जाड फ्लायव्हील नसतेच, पातळ पत्र्याची थाळी असते, कारण जडपणाचे काम तेलाने भरलेला गोळा करतो. हातगिअरला क्लच प्लेट घासायला सपाट, जड लोखंडी चाक लागते, आणि त्याच्या कडेला स्टार्टरचे दाते बरोबर मोजून बसलेले लागतात. त्याच इंजिनाच्या हातगिअरच्या गाडीचे फ्लायव्हील भंगारात मिळाले तर नशीब. त्यासाठी मटन स्ट्रीट, दोन टाकी पालथे घालायचे. चोरबाजारची दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे जुम्मा बाजार भरतो. फजरच्या नमाजानंतर बॅटरीच्या उजेडात लोखंड तपासणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा मेकॅनिकच असायचे.

दुसरी गोष्ट डोळ्याला दिसतही नाही. गिअरपेटीतून पुढे आलेल्या शाफ्टचे टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या भोकात एका छोट्या पितळी बुशमध्ये टेकते. ऑटोमॅटिकसाठी बनवलेल्या क्रँकला ते भोक पुष्कळदा पुरते कोरलेलेच नसते. मग एक तर अख्खे इंजिन खोलून क्रँक लेथवर न्यायचा, नाहीतर शाफ्टचे टोक कापून बुश वेगळ्या मापाचे बनवायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे या सगळ्याचा कणा. इंजिन एका कंपनीचे आणि पेटी दुसऱ्या कंपनीची असेल तर दोघांचे बोल्ट जुळत नाहीत. जीपची पेटी सहज मिळायची, कारण महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीसच विलिज जीपची जुळणी सुरू केली होती. पण जीपची पेटी शेवरोलेच्या इंजिनाला थेट लागत नाही. मध्ये जाड लोखंडी पाट बनवावा लागतो, एका तोंडाला इंजिनाची भोके, दुसऱ्या तोंडाला पेटीची. इथे उस्तादाची परीक्षा असते. आपल्याकडे कारखान्यात दोन मापे बोलली जातात: सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा. सुताराचे काम सुतात चालते, या पाटाचे काम थाऊत चालते. दोन्ही शाफ्टची मध्यरेषा काही थाऊंनी जरी हुकली तरी त्या दिवशी गाडी चालते, मालक पैसे देतो, सलाम करून जातो. महिनाभराने चढावर गिअर आपोआप निसटू लागतो, क्लच सोडताना गाडी थरथरते आणि बेअरिंग ओरडू लागते. चांगला उस्ताद डायल गेज लावून, पाट फिरवून फिरवून मध्य शोधायचा आणि तो सापडल्यावर पिन ठोकून जागा पक्की करायचा. वाईट उस्ताद भोके मोठी करून बोल्ट आवळायचा.

मग बाकीचे. ब्रेकचे रुंद पेडल कापून अरुंद करायचे आणि शेजारी तिसऱ्या पेडलला जागा करायची. मधल्या पत्र्याला भोक पाडून क्लचची सळई न्यायची. प्रोपेलर शाफ्ट कापून किंवा वाढवून वेल्ड करायचा आणि त्याचा तोल पाहायचा. १९५५ च्या आधीच्या शेवरोलेत तर हा शाफ्ट एका बंद नळीत असे, त्यामुळे नळीही कापावी लागे. स्पीडोमीटरच्या केबलचे दाते जुळले नाहीत तर काटा आयुष्यभर खोटे बोलत राहतो. आणि एक बारीक तार: ऑटोमॅटिक गाडी फक्त 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्येच सुरू व्हावी म्हणून स्टार्टरची तार एका स्विचमधून गेलेली असते. पेटी गेली की तो स्विच निकामी, मग तार सरळ जोडून टाकायची. ती जोडल्यावर गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली तर ती उडी मारते. समोर वाकून काम करणारा कोणी असेल तर त्याचे काय होईल ते लिहायला नको. 'पार्क'चे कुलूपही गेलेले असते, त्यामुळे वाळकेश्वरच्या उतारावर या गाड्यांच्या चाकाखाली दगड दिसायचा.

ज्यांना हे सारे जमत होते ते शिकले कुठे? परळचा रेल्वे कारखाना १८७९ पासूनचा. माझगाव डॉक, दादरची बेस्टची कार्यशाळा, गिरण्यांची मेकॅनिक खाती, भायखळ्याचे साबू सिद्दीक, माटुंग्याचे व्हीजेटीआय. या सगळ्यांमुळे भायखळा ते दादर हा पट्टा लोखंड समजणाऱ्या माणसांनी भरलेला होता. पेटीचे सुटे सामान गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊस आणि न्यू क्वीन्स रोडवरच्या दुकानांत, बेअरिंग आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर, लेथ परळ-लालबागच्या गाळ्यांत, आणि गाडी प्रत्यक्ष खोलली जायची नागपाड्याच्या किंवा ताडदेवच्या गल्लीत. म्हणजे एका गाडीचे काम चार वस्त्यांतून फिरायचे. कोकणातला मराठा टर्नर, बोहरी हार्डवेअरवाला, सरदारजी पार्टवाला आणि उत्तर प्रदेशातला किंवा कोकणी मुसलमान उस्ताद. याला कोणी गंगा-जमनी तहजीब म्हणत नव्हते, हा रोजचा धंदा होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या फिटरांपैकी काहींना याच ओळखींनी गॅरेजमध्ये जागा मिळाली.

या लोकांची भाषा हा माझा विशेष आवडीचा भाग. लेथवाल्याला उर्दूत खरादी म्हणतात. तो अरबीतल्या 'खर्रात'चा वंशज, आणि मराठीतला आपला कातारी त्याचा जातभाई. मिस्त्री पोर्तुगिजांकडून आला, चावीही त्यांचीच. पुर्जा फारसी: मूळ अर्थ तुकडा, चिठ्ठी. आणि गॅरेजमधला उस्ताद तोच लालबागच्या तालमीतला वस्ताद. तालमीत वस्ताद पेच शिकवतो, गॅरेजमध्ये उस्ताद पेच फिरवतो. फारसीत पेच म्हणजे पीळ, वळसा. त्याचाच एकीकडे डावपेच झाला, दुसरीकडे पेचकस. दोन्हीकडे शिकवण्याची रीतही एक: शागिर्दाने आधी दोन वर्षे फक्त पाने द्यायचे, रॉकेलमध्ये पुर्जे धुवायचे आणि बघायचे. वही नाही, नकाशा नाही. पाटाचे माप उस्तादाच्या डोक्यात. तो गेला की माप गेले.

एका शब्दावर मात्र माझा राग आहे, तो म्हणजे 'जुगाड'. अलीकडे मॅनेजमेंटच्या भाषणांत हा शब्द कौतुकाने वापरतात. थाऊत मध्यरेषा पकडणाऱ्या कामाला जुगाड म्हणणे म्हणजे शिकलेल्या माणसाने कारागिराच्या डोक्यावरून हात फिरवणे आहे. अमेरिकेतल्या तरुणांनी गाड्यांत हेच पाट आणि याच पेट्या बसवल्या, तेव्हा त्याला इंजिनिअरिंग म्हटले गेले आणि असे तयार पाट विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. इथे तीच गोष्ट फुटपाथवर झाली म्हणून ती जुगाड. वाईट काम करणारेही होते, ते वर सांगितलेच. पण वाईट डॉक्टर असतात म्हणून वैद्यकशास्त्राला आपण जुगाड म्हणत नाही.

कायद्याने या कामाकडे कसे पाहिले तेही गमतीचे आहे. गाडीच्या आरसी बुकात इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, इंधन, आसने, वजन, रंग हे सारे असते. इंजिन बदलले की आरटीओत जाऊन नोंद करावी लागते. गिअरपेटीसाठी त्या पुस्तकात रकानाच नव्हता. परवान्यातही तसेच. स्कूटरसाठी गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आपल्याकडे आहे, मोटारीसाठी नाही. त्यामुळे इंजिन तेच ठेवून ज्यांनी पेटी बदलली त्यांच्या गाडीत काहीच घडले नाही, असे सरकारचे दप्तर सांगते. किती गाड्या अशा बदलल्या ते आज मोजायचे म्हटले तरी मोजता येणार नाही. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सन २००० च्या दुरुस्तीने कडक झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अपंग चालकांसाठीचे बदल आणि सीएनजी यांना कायद्यात वेगळी वाट ठेवली आहे.

सीएनजीवरून आठवले. मुंबईने पाहिलेला सगळ्यात मोठा बदल तोच. १९९९ मध्ये धुराविरुद्धच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने लाल समिती नेमली, आणि २००१ च्या आदेशानंतर पंधरा वर्षांहून जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना स्वच्छ इंधनावर येणे भाग पडले. १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशाची बॅग टपावरच्या कॅरिअरवर गेली. पद्मिनीचा गिअरही शेवटपर्यंत बहुतेक टॅक्सींत स्टिअरिंगच्या दांडीवरच राहिला. पुढच्या अखंड बाकड्यावर तिसरा माणूस बसू शकायचा तो त्यामुळेच. दांडीच्या सळया झिजल्या की दोन गिअर एकदम अडकायचे. मग ड्रायव्हर भर रस्त्यात बॉनेट उघडून हाताने सळई मोकळी करायचा आणि मागच्या हॉर्नकडे ढुंकूनही न बघता परत येऊन बसायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तिला ओळखणारे मेकॅनिक अजून आहेत, काम नाही. नव्या गाडीची पेटी ते उघडत नाहीत, कारण ती संगणकाला विचारल्याशिवाय उघडत नाही.

मजा अशी की २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक आली ती आतून हातगिअरचीच पेटी आहे. तोच क्लच, तेच दाते, फक्त पाय आणि हात यांच्या जागी मोटर आणि तेलाचा दाब. एका निवृत्त उस्तादांना हे समजावून सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "यानी शागिर्द अंदर बिठा दिया." यापेक्षा नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

जुन्या अमेरिकी गाड्यांचे सध्या पुन्हा उलट चालले आहे. हॉर्निमन सर्कलसारख्या ठिकाणांहून व्हिंटेज रॅली निघतात, तिथे गाडी मूळ रूपात असण्याला किंमत आहे. परकी पेटी दिसली की गुण कापतात. म्हणून श्रीमंत मालक अमेरिकेतून जुनी पॉवरग्लाइड मागवतात, तिचे तेल आता डब्यात सहज मिळते, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बसवलेला हातगिअर उतरवला जातो. काढलेली पेटी, हाताने कोरलेला तो पाट आणि पितळी बुश किलोवर भंगारात जातात. पितळेला भाव बरा येतो. तिसऱ्या पेडलचे भोक पत्रा लावून बुजवतात, वर रंग मारतात. गालिचा उचलून आतून हात फिरवला तर वेल्डिंगची कड बोटाला लागते.